डावी सीट

“अक्का, पेट्रोल?”

“अर्धी टाकी. काडी घालून बघितलंय.”

“हवा?”

“चारी चाकांत अठ्ठावीस.”

“स्टेपनी?”

“दगडापाशी उतरवली. बारा किलो. पाना-पेटी नऊ किलो, पायाखालच्या चटया दोन. आणि तुझ्या खिशातलं पाकीट दे इकडं, ते पण उतरवते.”

धैर्यशील हसायचा, पाकीट माझ्या हातात द्यायचा आणि पट्टा आवळायचा. मी डाव्या सीटवर बसायची, मांडीवर वही, उजव्या मुठीत घड्याळ. हा आमचा दर सोमवारचा पाठ होता. एवढी प्रश्नोत्तरं झाल्याशिवाय गाडी जागची हलत नसे.

सोमवारी आमच्या गल्लीला सुट्टी. आमचं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथचं. बाबांनी उभं केलेलं. आई गेली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि धैर्या सहा वर्षांचा, त्यामुळे त्याला शाळेत सोडणं, त्यानं डोकी फोडलेल्या पोरांच्या आयांशी भांडणं आणि बाबांच्या हाताखाली लेथवर उभं राहणं ही तिन्ही कामं मी एकदमच शिकले. मला दोन स्थळं आली होती. दोघांनाही लेथ चालवणारी बायको नको होती आणि मला लेथ नसलेलं घर नको होतं. दोन्ही वेळा कांदेपोहे मात्र मी चांगले केले होते, हे सांगून ठेवते.

गाडी लाल, दोन सीटची, जपानी. एका कारखानदाराच्या चिरंजिवांनी हौसेनं बाहेरून आणली आणि सहा महिन्यांत पंचगंगेकाठच्या मळीच्या रानात उलटी घातली. भंगाराच्या भावात ती आमच्याकडे आली. इंजिन मी उघडलं, धैर्यानं पत्रा सरळ केला. व्हॉल्व्ह मी बसवले, वॉशर मी कातले, हेड मी घासलं. चालवायचा मात्र तोच. त्याच्या हातात गाडी आली की ती दुसरीच होत असे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. मी त्याच्याशेजारी बसलेली आहे.

कागलच्या पुढं एमआयडीसीनं एक नवा रस्ता बांधून ठेवला होता. काम पूर्ण होऊन दोन वर्षं झाली होती, पण फीत कापायला कुणाला सवड नव्हती. त्यामुळे सकाळी सव्वासहाला त्या रस्त्यावर आम्ही, दोन-चार बगळे आणि दुधाचे कॅन घेऊन येणारा मारुतीचा टेम्पो, एवढीच वर्दळ. चार नंबरच्या दगडापासून पाच नंबरच्या दगडापर्यंत नेमका एक किलोमीटर. दगड डाव्या अंगाला. धैर्यानं क्लच सोडला की मी घड्याळ दाबायचं आणि पाचवा दगड माझ्या खिडकीतून मागं सरकला की पुन्हा दाबायचं. ते फक्त डाव्या सीटवरून जमायचं.

घड्याळ बाबांचं. सायकल शर्यतीच्या कमिटीत होते तेव्हाचं. नियमही बाबांचाच : एका खेपेला एकच बदल. सोमवारी प्लग बदलायचे असतील तर फक्त प्लग. तीन फेऱ्या, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त सोडून मधली वेळ खरी धरायची, वहीत लिहायची. एकदा धैर्यानं मला न सांगता एअर फिल्टर आणि सायलेन्सरची नळी दोन्ही बदललं आणि वेळ दोन दशांशांनी उतरली. उतरली कशानं, ते कळेना. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं फिल्टर काढून जुना लावला आणि म्हणाला, “बोल आता तरी.”

चार वर्षांत आम्ही तेहतीसवरून एकोणतीस सेकंद एक दशांशापर्यंत आलो होतो. तिथं गाडी अडली. काहीही केलं तरी एकोणतीस-एक.

लोकांना वाटायचं, अक्काला भावाच्या नादापायी पहाटे उठावं लागतं. लोकांना काय कळतंय. आठवड्याचे सहा दिवस मी उसाच्या चरकाचे शाफ्ट कातायची, घरी येऊन दोघांच्या भाकरी थापायची, आणि सोमवारी सकाळी तीन फेऱ्या, अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या. म्हणजे आठवड्याचं दीड मिनिट. त्या दीड मिनिटात पाठ सीटला चिकटायची आणि मी मोठ्यानं आकडे ओरडायची, साठ, ऐंशी, शंभर. मला त्या वेळी कुणाचीही उणीव वाटत नसे. इतकी खूश मी दुसरीकडे कुठंच नव्हते.

निनाद आला तो ह्याच दिवसांत. पुण्याचा. गाड्यांची ताकद वाढवायची किट बनवायचा आणि दक्षिणेत ट्रॅकवर शर्यतींना स्वतःची गाडी उतरवायचा. त्याला चालवणारा हवा होता. कुणाकडून तरी धैर्याचं नाव ऐकून तो आमच्या दुकानात आला, लेथशेजारच्या स्टुलावर बसला आणि कपात उरलेल्या चहाकडे बघत म्हणाला, “ताई, तुमचा भाऊ इथं वाया जातोय. रागावू नका.”

“रागवत न्हाई,” मी म्हणाले. “पण कप खाली ठेवा, लेथचा कीस उडतोय त्यात.”

धैर्याच्या डोळ्यांत तेव्हाच काहीतरी हललं होतं. मी बघितलं. तो सव्वीस वर्षांचा होता आणि ट्रॅक त्यानं फक्त टीव्हीवर पाहिला होता. पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती बोलून ठरत नसे. रात्री जेवताना तो ताटात बघत म्हणाला, “अक्का, निनादचं किट आपल्या गाडीवर लावून बघू. नवी नळी आणि इंजिनचा कॉम्प्युटर, दोन्ही मिळून त्याचं एकच किट हाय. आपल्या दगडावर अर्धा सेकंद कमी झाला तर मी जातो त्याच्यासंगं. न्हाई झाला तर न्हाई जात. तुझ्यासंगं दुकान बघतो.”

“अर्धा?”

“अर्धा.”

“अट म्हंजे अट?”

“अट म्हंजे अट.”

मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. अर्धा सेकंद म्हणजे काय, हे त्याच्याइतकंच मलाही माहीत होतं. आम्हाला शेवटचा अर्धा सेकंद मिळवायला दीड वर्ष लागलं होतं. मी निर्धास्त झोपले.

पहिल्या सोमवारी किट न लावता नुसती मोजणी. निनादकडे काडेपेटीएवढा एक डबा होता, तो पुढच्या काचेला चिकटवायचा. तो म्हणे उपग्रहाला विचारून वेळ सांगायचा. मी शेजारी बसून बाबांचं घड्याळ दाबलं. डब्यानं एकोणतीस-एक सांगितलं, घड्याळानंही एकोणतीस-एक. निनादनं घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मला त्या दिवशी बाबांचा फार अभिमान वाटला.

आठवडाभरात दुकानात किट बसलं. दुसऱ्या सोमवारी आम्ही पुन्हा रस्त्यावर. पाठ झाला. पेट्रोल अर्धी टाकी, हवा अठ्ठावीस, स्टेपनी उतरवली. मी दार उघडून आत बसणार, एवढ्यात निनाद सहज म्हणाला, “ताई, डबा मोजतोच आहे. तुम्ही बसायला पाहिजे असं काही नाही.”

तो वाईट बोलला नाही. पण मला लागलं. चार वर्षं मी त्या सीटवर बसत होते आणि आज एक काडेपेटी मला म्हणत होती, तुमची गरज नाही. मी वही छातीशी धरली आणि म्हणाले, “बरं. मोजू दे तुमच्या डब्याला.” आणि फणकाऱ्यानं जाऊन पाचव्या दगडापाशी उभी राहिले. एक किलोमीटर चालत गेले. धैर्यानं दोनदा हाक मारली, मी वळले नाही. माझा स्वभाव आहे तसा.

गाडी अशी बाहेरून मी कधी बघितलीच नव्हती. धुक्यातून आधी आवाज आला, मग दोन दिवे, मग लाल रंग, आणि ती माझ्या अंगावरून वारा देऊन निघून गेली. तीन वेळा. आत धैर्या एकटा होता आणि त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बघायला वेळ नसतोच, हे मला माहीत होतं. तरी.

अठ्ठावीस-चार. मधली वेळ. सात दशांश उतरले होते.

निनादनं धैर्याला उचललं. धैर्या मला उचलायला आला आणि माझं तोंड बघून थांबला. “अक्का,” तो म्हणाला, “सात गं, सात दशांश!”

“बघितलं.”

“मग?”

“मग काय. अट म्हंजे अट.”

पुढच्या बुधवारी जायचं ठरलं. गाडीसकट. मी त्याचे शर्ट धुऊन इस्त्रीला टाकले, त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि कुणी विचारलं तर हसून सांगायची, “जातोय पुण्याला. नाव काढणार माझा भाऊ.” घरात आल्यावर मात्र मला त्याच्या खोलीकडे बघवत नसे. बाबा गेले तेव्हाही घर एवढं मोठं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी मी एका गुऱ्हाळवाल्याचा चरकाचा शाफ्ट पोचवायला मार्केट यार्डात गेले. गुळाचा हंगाम जोरात होता, रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागल्या होत्या. नबीलाल तोलार मला लहानपणापासून ओळखतात. काटा रिकामा होता. ते म्हणाले, “अक्का, उभी ऱ्हा बघू. बघू या शाफ्ट कातून कातून किती झिजलीयस.”

मी उभी राहिले.

“एकाहत्तर.”

“काटा खोटा हाय तुमचा, चाचा.”

“अख्खा जिल्हा गूळ विकतोय ह्या काट्यावर.” ते थप्पीकडे बोट दाखवून हसले. “तीस-तीसचे दोन रवे, एक दहाचा, आणि वर किलोभर. एवढा माल झाला बघ तुझा.”

मीही हसले. दोन पावलं गेले आणि माझं हसू विरलं. तशीच रिक्षा करून दुकानात आले आणि वही उघडली. वजनाचा रकाना. गाडी नऊशे साठ. स्टेपनी बारा, उतरवली. पेटी नऊ, उतरवली. चटया दोन. धैर्यशील चौसष्ट. एका सोमवारी तर मी “धैर्यशीलनं पोहे जास्त खाल्ले, साडेचौसष्ट” असं लिहिलं होतं. चार वर्षांची पानं उलटली. त्यात त्याचं पाकीटसुद्धा होतं. मी कुठंच नव्हते.

एकोणतीस-एक आला तेव्हा मी आत बसलेली होते. अठ्ठावीस-चार आला तेव्हा मी दगडापाशी उभी होते. त्या सोमवारी गाडीत दोन बदल झाले होते, एक किट आणि एक मी. आणि ज्या बाईनं भावाशी दोन बदलांवरून दोन दिवस अबोला धरला होता, तिला ते दिसलं नव्हतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, इतका आनंद झाला की मी लेथ सुरू केली आणि काही न कातता तशीच फिरत ठेवली.

धैर्याला मी काही बोलले नाही. नुसतं म्हणाले, “जायच्या आधी सोमवारी एकदा शेवटची टेस्ट करू. माझ्यासाठी.” तो लगेच हो म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतंच.

तिसऱ्या सोमवारी मी त्याच्याबरोबर गाडीतून गेले नाही. मारुतीच्या दुधाच्या टेम्पोतून गेले, माझ्याबरोबर चार गुळाचे रवे होते. धैर्या गाडीनं आणि निनाद त्याच्या जीपनं आधीच पोचले होते. फडक्यात बांधलेला गूळ मी चौथ्या दगडापाशी उतरवून घेताना धैर्या बघतच राहिला.

“हे काय अक्का? बारसं हाय का कुणाचं?”

“ठेव सीटवर. पट्टा बांध त्याला.”

“गुळाला?”

“गुळाला.”

त्यानं दोन मोठे रवे सीटवर ठेवले, वर दहाचा, त्याच्यावर किलोचा, आणि पट्टा आवळला. निनाद हसत होता. मी त्याला म्हणाले, “किटला हात लावू नका. आज बदल एकच.” मग पाचव्या दगडापाशी जाऊन उभी राहिले.

एकोणतीस. एकोणतीस-एक. एकोणतीस.

मी चालत चौथ्या दगडापाशी परत आले तेव्हा निनाद हसायचा थांबला होता. तो माणूस खरा होता, हे मान्य केलं पाहिजे. त्यानं लॅपटॉप उघडला, जुने आकडे बघितले, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाला, “पहिल्या वेळी ताई आत होत्या. मी बघायला हवं होतं.”

धैर्या गाडीतून उतरला नव्हता. स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. “मधली एकोणतीस, म्हंजे किटचा एकच दशांश,” तो हळू म्हणाला.

“एकच.”

“आणि बाकीचे सहा?”

“माझे,” मी म्हणाले.

तो गुळाकडे बघत होता. मग त्यानं पट्टा सोडला, एकेक रवा उचलून खाली गवतात ठेवला आणि सीटवर सांडलेला गुळाचा चुरा तळहातानं झाडून काढला. नीट, कोपऱ्यापर्यंत.

“अरे, पण मला तू तरीही हवा आहेस,” निनाद म्हणाला. “किटचं मी बघेन. चालवणारा मिळत नाही.”

“अट म्हंजे अट, निनाद. माझ्या तोंडची हाय.” तो माझ्याकडे वळला. “बस अक्का. जाऊ घरी.”

मी बसले. पट्टा लावला. निनाद वायरी गुंडाळत तिथंच राहिला. गूळ मागनं मारुती घेऊन येईल, असं ठरलं.

धैर्यानं गाडी पस्तीसवर ठेवली. तिसरा गिअर. मोकळा रस्ता, उजाडलेलं, पुढं कुणी नाही, आणि माझा भाऊ पस्तीसनं चालवत होता, दिवस भरलेल्या बाईला दवाखान्यात नेताना चालवतात तसा. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. त्यानं हात पुढं करून माझ्या बाजूची वाऱ्याची जाळी बंद केली.

“गार लागतंय न्हवं?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“आज दुकान उघडायचं का? तो पट्टणकोडोलीवाल्याचा शाफ्ट राहिलाय.”

सोमवारी दुकान उघडायचं का, असं त्यानं जन्मात कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्या हातांकडे बघितलं. स्टेअरिंगवर ते असे पडले होते की त्यांना काही कामच उरलं नव्हतं. तो शब्द पाळणार होता. उद्या, पुढच्या वर्षी, मी म्हातारी होईपर्यंत. दर सोमवारी मला शेजारी बसवणार होता, एकोणतीस-एक आला की “बरा आला की” म्हणणार होता, आणि बाकीचे सहा दशांश कुणाचे, हे आम्हा दोघांनाही माहीत असणार होतं. मला हवं होतं ते मला मिळालं होतं आणि मला रडू यायला लागलं.

“थांबव.”

“काय झालं?”

“गाडी उलटी फिरव. दगडाकडं.”

“अक्का—”

“फिरव म्हटलं न्हवं.”

निनाद जीपला टेकून उभा होता. मी त्याच्याशी बोलले नाही. पेटीतून चौदाचा पाना घेतला, डावं दार उघडलं आणि रस्त्यावर गुडघे टेकले. सीटला चार बोल्ट. दोन पुढं, दोन मागं. त्याखालचे वॉशर मी स्वतः कातलेले, गाडी भंगारातून आली तेव्हा.

“काय करालीयस अक्का?”

“टेस्ट.”

“मी काढू देणार न्हाई.”

“बाजूला हो. सावली पडालीय तुझी.”

पुढचे दोन सहज निघाले. मागचा एक गंजून बसला होता, त्याच्यावर सगळं वजन टाकावं लागलं. एकाहत्तर किलो कुठंतरी कामाला आले. चौथा निघाल्यावर मी सीट ओढून बाहेर काढली आणि गवतात ठेवली. गाडीत त्या जागी नुसता पत्रा दिसायला लागला.

“अट काय होती?” मी हात पुसत विचारलं. “तुझ्या तोंडानं सांग.”

धैर्या गवतातली सीट उचलायला वाकला.

“सांग म्हटलं.”

“दगडावर अर्धा सेकंद कमी झाला पाहिजे.”

“कशानं झाला पाहिजे, ते बोलला हुतास?”

त्यानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता, सहा वर्षांचा असताना शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा तसा. मी माझ्या पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग पाठ घेतला, कारण पाठ घेतल्याशिवाय गाडी हलत नाही.

“पेट्रोल?”

“अर्धी,” तो म्हणाला.

“हवा?”

“अठ्ठावीस.”

“स्टेपनी?”

“उतरवली.”

“अक्का?”

तो माझ्याकडे बघत राहिला.

“उतरवली म्हण,” मी सांगितलं.

त्याला म्हणवेना. तो गाडीत बसला आणि पट्टा आवळला.

तीन फेऱ्या. मधली अठ्ठावीस-दोन. निनादनं आकडा दोनदा वाचला.

“एकोणतीस-एकातून किती गेले?” मी विचारलं.

“नऊ दशांश, ताई.”

“अट बसली. बुधवारी जायचं.”

“तुम्हीपण चला ना पुण्याला,” निनाद म्हणाला. “खरंच म्हणतोय. तुमच्यासारखं मोजणारं माणूस माझ्याकडे नाही.”

“लेथ बसती का तुमच्या जीपमधे?”

बाबांची लेथ, गुऱ्हाळवाल्यांचे शाफ्ट, ते सोडून मी पुण्यात काय करणार होते? आणि खरं सांगायचं तर, धैर्याच्या मागोमाग गेले असते तर सीट काढून काय उपयोग झाला असता?

“आता घरी कशी येणार तू?” धैर्यानं विचारलं. हा प्रश्न मलाही तेव्हाच पडला. गाडीत सीट एकच होती.

जीपमध्ये जागा होती. निनादनं दारही उघडून धरलं. पण मला त्या लाल गाडीच्या मागून, तिच्याकडे बघत घरी जायचं नव्हतं. “मारुती येतोय आठला,” मी म्हणाले. “सीट आणायची हाय, गूळ आणायचाय. तुम्ही व्हा पुढं.”

ते गेले. मी गिअर मोजले. दुसरा, तिसरा, चौथा. चौथा त्यानं जरा उशिरा टाकला, मुद्दाम, मला ऐकू यावा म्हणून, असं मी तेव्हा मानलं आणि अजूनही मानते. मग आवाज गेला. मी चौथ्या दगडाशेजारी गवतात त्या सीटवर बसले आणि पोटभर रडले. रस्त्यावर कुणी नव्हतं, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

ह्याला आता वीस वर्षं होतील. धैर्या पुण्याहून चेन्नईला गेला, तिथंच राहिला. दोन वर्षं शर्यती मारल्या, मग दुसऱ्या पोरांना शिकवायला लागला. दिवाळीला येतो. बायको-मुलांना घेऊन विमानानं येतो आणि मला “अक्का, तू येत का न्हाईस” म्हणून दरवर्षी विचारतो. सीट दुकानात लेथशेजारी आहे. गिऱ्हाईक आलं की मी तिच्यावर बसायला सांगते. त्या सोमवारबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

त्या सकाळी मारुती सव्वाआठला आला. माझ्याकडे बघून त्यानं टेम्पो थांबवला.

“अक्का, ह्ये काय? रस्त्यावर सिंहासन?”

“उचलायला हात लाव.”

दूध डेअरीत घालून तो परत येत होता. मागं रिकामे कॅन होते. आम्ही गूळ चढवला, मग सीट चढवली, कॅनच्या मधे तोंड मागं करून ठेवली. तो म्हणाला, पुढं बस. मी म्हणाले, इथंच बरं. टेम्पो खडखडत निघाला. माझ्या कमरेला बाबांचं घड्याळ होतं आणि वही मांडीवर. एक दगड मागं गेला. हातानं आपोआप कळ दाबली. पुढचा दगड यायला एवढा वेळ लागला की मधे मला वाटलं, दगडच कुणी काढून नेला असावा. आला. पुन्हा कळ दाबली.

मग लिहिलं. अक्षर टेम्पोच्या धक्क्यांनी वेडंवाकडं झालं आहे, पण वाचता येतं. सोमवार. मारुतीचा टेम्पो. रिकामे कॅन अकरा. गूळ एकाहत्तर किलो. सीट तेरा किलो. मारुती, अंदाजे साठ. मी, एकाहत्तर. एक किलोमीटर, एक मिनिट चोपन्न सेकंद.

त्या वहीत त्यानंतर नोंद नाही.